अंगावरचा चट्टा, पोटातली गाठ

कोल्हापुरात पाऊस लागला की कपडे वाळत नाहीत आणि गजकर्ण जात नाही. जांघेत, काखेत, कमरेला खाज सुटते, कोपऱ्यावरच्या औषध दुकानातून एक ट्यूब येते, चार दिवस बरे वाटते, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. कातडीचा आजार म्हणजे एवढेच, अशी आपली समजूत आहे आणि बहुतेक वेळा ती खरीही असते. पण काही थोडे चट्टे असे असतात की त्यांचे मूळ कातडीत नसते. फुप्फुसात, अंडाशयात, जठरात किंवा स्वादुपिंडात वाढू लागलेली गाठ कधी कधी दुखायच्या आधी, हाताला लागायच्या आधी, कातडीवर खूण उमटवते. आजचे विश्लेषण या दुर्मीळ खुणांविषयी, आणि त्या आपल्याकडे मलमाखाली झाकल्या का जातात याविषयी.

‘दंगल’मधल्या छोट्या बबिताला काय झाले होते?

तालमींच्या या गावात ‘दंगल’ पाहिला नाही असा माणूस सापडणे कठीण. त्यात लहानपणीच्या बबिता फोगटची भूमिका करणारी सुहानी भटनागर १६ फेब्रुवारी २०२४ रोजी दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये गेली. वय अवघे १९. तिच्या आई-वडिलांनी नंतर माध्यमांना सांगितले, की सुमारे दोन महिन्यांपूर्वी तिच्या हातावर लाल डाग आले होते, ती अ‍ॅलर्जी असावी असे वाटले, निरनिराळ्या डॉक्टरांना दाखवले, पण निदान हाती लागत नव्हते. ‘एम्स’मध्ये आजाराचे नाव कळले, ‘डर्मॅटोमायोसायटिस’. कातडी आणि स्नायू यांवर शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती उलटते, असा हा आजार.

एक गोष्ट इथेच स्पष्ट केली पाहिजे. सुहानीच्या बाबतीत कर्करोगाचा उल्लेख कुठेही आला नव्हता. लहान मुलांमध्ये या आजाराचा कर्करोगाशी संबंध मानला जात नाही. हाच आजार चाळिशी-पन्नाशीनंतर झाला तर मात्र चित्र बदलते.

मोठ्या माणसांत हा आजार वेगळा का?

कारण मोठ्यांमध्ये हा आजार अनेकदा एकटा येत नाही. स्वीडन, डेन्मार्क आणि फिनलंड या तीन देशांतल्या नोंदी एकत्र करून झालेला एक मोठा अभ्यास २००१ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आला. त्यात डर्मॅटोमायोसायटिसचे ६१८ रुग्ण होते. त्यांपैकी १९८ जणांना कधी ना कधी कर्करोग झाल्याची नोंद मिळाली आणि त्यातल्या ११५ जणांचा कर्करोग हा कातडी-स्नायूंच्या आजाराचे निदान झाल्यानंतर सापडला. सर्वाधिक धोका पहिल्या वर्षात. अंडाशय, फुप्फुस, स्वादुपिंड, जठर, मोठे आतडे आणि लसिका ग्रंथी यांचे कर्करोग त्यात पुढे होते. म्हणजे कातडीच्या डॉक्टरांनी हे नाव कागदावर लिहिले, की पुढच्या काही महिन्यांत शरीराच्या आत डोकावून पाहणे हा उपचाराचाच भाग ठरतो.

हा आजार ओळखायचा कसा? पुस्तकांत लिहिलेले असते की पापण्यांवर जांभळट झाक येते. ते वर्णन गोऱ्या कातडीचे. आपल्या सावळ्या रंगावर ती झाक जांभळी दिसतेच असे नाही. पापण्या सुजल्यासारख्या आणि काळपट-तपकिरी दिसतात, आणि घरचे म्हणतात झोप झाली नसेल. बोटांच्या सांध्यांवर, अगदी पेरांच्या वर, खरखरीत चपटे उंचवटे येतात. गळ्याखाली पोलक्याच्या गळ्याएवढ्या भागात आणि पाठीवर शाल पांघरतो त्या जागी चट्टा पसरतो. उन्हात तो वाढतो. नखांच्या मुळाशी कातडी लाल होते, फाटते. भांड्याच्या पावडरीने हात खराब झाले, असे म्हणून ते सोडून दिले जाते. डोक्यात भयंकर खाज सुटते, तीही कोंड्याच्या नावावर खपते. यातली प्रत्येक गोष्ट सुटी पाहिली तर साधी आहे. एकत्र पाहिली तरच आजार दिसतो आणि एकत्र पाहायला कपडे बाजूला सारून नीट तपासणारा डॉक्टर लागतो.

दुसरी खूण स्नायूंची. दुखणे कमी, बळ जाणे जास्त. आणि तेही हाता-पायांच्या टोकाचे नव्हे, खांद्याचे आणि मांड्यांचे. केस विंचरताना हात वर राहत नाही. मांडणीवरचा डबा काढता येत नाही. पाटावरून किंवा संडासातून उठताना भिंतीचा आधार घ्यावा लागतो. जोतिबाच्या पायऱ्या परवापर्यंत चढणारी बाई वाडी रत्नागिरीला गाडीतच बसून राहते. शिरोळ-कागल भागात भांगलणीला जाणाऱ्या पन्नाशीच्या बाईने असे काही सांगितले तर तिला मिळणारे उत्तर ठरलेले असते: वय झाले, रक्त कमी आहे, टॉनिक घे. उन्हाने काळवंडलेला चेहरा आणि कामाने गेलेली ताकद या दोन्हींना आपल्याकडे इतकी तयार स्पष्टीकरणे आहेत की आजाराला शिरायला जागाच उरत नाही. काही रुग्णांत तर स्नायू शाबूत राहतात आणि फक्त चट्टा असतो. कर्करोगाची शंका तिथेही सुटत नाही.

गाठ आत, खूण बाहेर, हे घडते कसे?

कर्करोग कातडीपर्यंत पसरला म्हणून चट्टा आला, असे यात नसते. गाठ असते तिथेच असते आणि तिचा परिणाम लांबवर दिसतो. याला वैद्यकात ‘पॅरानिओप्लास्टिक’ आजार म्हणतात. त्याचे मुख्यतः दोन मार्ग आहेत.

पहिला, गाठ रक्तात काही तरी सोडते. स्वादुपिंडातली एक विरळ गाठ ग्लुकागॉन हे संप्रेरक अतोनात बनवते. त्यातून जांघेत, नितंबांवर, पायांवर लाल, सोलवटणारे, जागा बदलत जाणारे चट्टे येतात, तोंडाचे कोपरे फाटतात, वजन घटते आणि साखर वाढते. १९४२ मध्ये या जोडीचे पहिले वर्णन झाले. कोट्यवधींत एखाद्याला होणारा हा आजार, पण तो ज्याला होतो त्याचे निदान वर्षानुवर्षे इसब किंवा बुरशी म्हणून होत राहते, कारण जागा तीच आणि खाजही तशीच.

दुसरा मार्ग गैरसमजाचा. शरीराचे सैन्य गाठीवर हल्ला करायला प्रतिपिंडे तयार करते. गाठीवरचे एखादे प्रथिन कातडीतल्या किंवा स्नायूंतल्या प्रथिनासारखे निघाले, की तीच प्रतिपिंडे घरच्या माणसांवर चालून जातात. डर्मॅटोमायोसायटिसमध्ये ‘टीआयएफ-१ गॅमा’ नावाच्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे सापडली तर मोठ्या वयाच्या रुग्णात कर्करोगाचा शोध अधिक कसून घ्यायचा, हे आता मान्य झाले आहे. त्यासाठीची रक्ततपासणी ‘मायोसायटिस प्रोफाइल’ या नावाने होते.

मग खरी अडचण कुठे आहे?

ट्यूबमध्ये. स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र कालवलेली मलमे आपल्याकडे खोकल्याच्या गोळीसारखी विकली जातात. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अनेक स्टिरॉइड मलमे ‘शेड्यूल एच’मध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती देता येत नाहीत. नियम कागदावर आहे. काउंटरवर काय चालते, हे वाचकांना सांगायला नको. ‘खाजेचे द्या’ एवढे म्हटले की पुरते.

या मलमांनी काय होते? गजकर्ण दबते पण मरत नाही, उलट पसरते आणि औषधाला जुमानत नाही. भारतात फोफावलेल्या अशा हट्टी बुरशीच्या एका जातीला आता ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ असे नावच मिळाले आहे. आपल्या देशाचे नाव बुरशीला लागावे, यात भूषण काही नाही. पण आजच्या विषयापुरते महत्त्वाचे हे, की स्टिरॉइड आत लपलेल्या आजाराचा चट्टाही तात्पुरता फिका करते. रुग्णाला वाटते गुण येतोय. डॉक्टरकडे जाईपर्यंत खूण पुसट झालेली असते, कातडीचा तुकडा काढून तपासला तर तोही नीट बोलत नाही. मग ट्यूब बदलते. नंतर ‘सांधे आखडलेत’ म्हणून स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू होतात, त्याने स्नायूंना थोडी उभारी येते आणि आतली गाठ तेवढे महिने आणखी वाढते. महिने किती मोलाचे हे अंडाशयाच्या कर्करोगाशी झगडलेल्या कुटुंबांना विचारावे.

औषध दुकानदारांना सरसकट दोष देण्यात अर्थ नाही. कातडीच्या तज्ज्ञाकडे जायचे तर राधानगरी, गगनबावडा किंवा चंदगडच्या माणसाचा दिवस आणि रोजगार जातो, दुकानदार गल्लीत असतो. पण महिनाभर तीच ट्यूब तिसऱ्यांदा मागणाऱ्या गिऱ्हाईकाला ‘आता डॉक्टरला दाखवा, मी देत नाही’ एवढे म्हणणे त्याला नक्की जमण्यासारखे आहे. अन्न व औषध प्रशासनाने निदान या एका मलमाच्या विक्रीकडे पाहिले तरी बरेच होईल.

आणखी कोणत्या खुणा?

मान काळी पडणे ही सर्वांत जास्त घाबरवणारी आणि बहुतेक वेळा सर्वांत निरुपद्रवी खूण. मळ समजून लोक घासून घासून मान सोलतात. मानेवर, काखेत मखमलीसारखी जाड काळी कातडी आली तर ते सहसा वाढलेल्या वजनाचे आणि इन्सुलिन नीट काम करत नसल्याचे लक्षण असते. तिथे साखर तपासायची, पोट कमी करायचे, कर्करोगाचे नाव काढायचे नाही. अपवाद असा: माणूस सडपातळ, वय जास्त, आणि काही आठवड्यांत काळेपणा झपाट्याने वाढला, ओठांवर-तोंडातही आला, खाज आहे, वजन उतरते आहे. मग जठराची दुर्बिणीतून तपासणी करून घ्यावी. याच्या जोडीला कधी तळहात जाड होऊन त्यांवर खडबडीत रेघोट्या उमटतात. इंग्रजी डॉक्टरांनी त्या तळहातांना वजडीची उपमा दिली आहे. मटणाच्या दुकानात वजडी पाहिलेल्या कोल्हापूरकराला याहून चांगले वर्णन लागणार नाही. ही खूण मात्र दुर्लक्ष करण्यासारखी नाही. तिच्यामागे बहुतेक वेळा कर्करोग निघतो, अनेकदा जठराचा किंवा फुप्फुसाचा.

लाकडाच्या फळीवर जशा एकात एक वळणाऱ्या रेषा असतात तसा चट्टा अंगभर उठणे, आणि त्या रेषा दिवसाला सुमारे एक सेंटिमीटर सरकणे, हा आणखी एक प्रकार. १९५२ मध्ये अमेरिकेतले डॉ. गॅमेल यांनी स्तनाचा कर्करोग असलेल्या एका स्त्रीच्या अंगावर तो पाहिला आणि कर्करोगाची शस्त्रक्रिया झाल्यावर चट्टा निघून गेला. इतका विरळ की बहुतेक त्वचारोगतज्ज्ञ आयुष्यभर तो पाहत नाहीत.

आपल्या भागासाठी त्याहून उपयोगी आहे १९६५ मध्ये फ्रान्सच्या बाझेक्स यांनी वर्णिलेली खूण. कानाच्या पाळ्या, नाकाचा शेंडा, हाता-पायांची बोटे आणि नखे यांवर सोरायसिससारखे खवले येतात. सोरायसिस सहसा कानाच्या पाळीवर आणि नाकाच्या शेंड्यावर असा नेमका बसत नाही. यामागे तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका इथला कर्करोग असू शकतो. तंबाखू-चुना, मिश्री आणि २०१२ पासून राज्यात बंदी असूनही मिळणारा गुटखा ज्या जिल्ह्यात घराघरात आहे, तिथे ‘सोरायसिस’च्या औषधाला दाद न देणारे असे खवले दिसले की रुग्णाचे तोंड उघडून बघायलाच हवे. आणि मानेवरच्या गाठी चाचपायला दोन मिनिटे पुरतात.

बाकीच्यांची फक्त नावे पुरेत. तोंडात प्रचंड वेदनादायक व्रण आणि अंगावर फोड एकत्र. पुरळ काहीच नाही पण रात्रंदिवस खाज, सोबत ताप आणि घाम. उतारवयात अचानक माशाच्या खवल्यांसारखी कोरडी झालेली कातडी. यांत लसिका ग्रंथींचे आणि रक्ताचे आजार आधी तपासले जातात. पाठीवर एकाएकी ढिगाने मस उठणे हीदेखील कर्करोगाची खूण सांगितली जाते, पण म्हातारपणी मस इतके सर्रास येतात की हा संबंध खरा किती यावर तज्ज्ञांतच वाद आहे. केवळ मस वाढले म्हणून झोप उडवून घेऊ नये.

बेंबीतली गाठ आणि एक परिचारिका

या यादीत काटेकोरपणे न बसणारी, तरीही सांगायलाच हवी अशी एक खूण. पोटातला कर्करोग पसरून बेंबीत टणक गाठ येते. ही गाठ कर्करोगाचाच तुकडा असते. अमेरिकेत रॉचेस्टरच्या सेंट मेरीज रुग्णालयात डॉ. विल्यम मेयो यांना शस्त्रक्रियेत मदत करणाऱ्या सिस्टर मेरी जोसेफ यांच्या लक्षात आले, की ज्यांच्या बेंबीत अशी गाठ असते त्यांचे पोट उघडल्यावर आत कर्करोग सापडतो. मेयो यांनी १९२८ मध्ये त्यावर लिहिले. पुढे १९४९ मध्ये इंग्रज शल्यविशारद हॅमिल्टन बेली यांनी या गाठीला त्या परिचारिकेचेच नाव दिले. वैद्यकात डॉक्टरांची नावे आजारांना खंडीभर सापडतील, परिचारिकेचे असे एखादेच.

आपल्याकडे पोटात दुखले की बेंबी सरकली म्हणून चोळून घ्यायची पद्धत अजून आहे. बेंबीत टणक, न दबणारी, ओलसर किंवा रंग बदललेली गाठ लागली तर चोळणाऱ्या बाईनेच ‘हे माझे काम नाही’ म्हणावे.

घाबरायचे किती?

थोडेच. वरचा २००१ चा अभ्यास उलटा वाचला तर डर्मॅटोमायोसायटिस झालेल्या दोन तृतीयांश लोकांना कर्करोग नव्हताच. आणि तो आजारच मुळात विरळ. हेलन कर्थ या त्वचारोगतज्ज्ञ स्त्रीने कातडीची खूण आणि आतला कर्करोग यांचे नाते ताडायला काही कसोट्या सांगितल्या आहेत. त्यातल्या दोन सामान्य माणसालाही समजतात: दोन्ही साधारण एकाच काळात सुरू झाले पाहिजेत, आणि दोन्ही बरोबरीने चालले पाहिजेत. गाठ काढली की चट्टा जातो, गाठ परतली की चट्टाही परततो. म्हणूनच उपचार झालेल्या रुग्णाने जुना चट्टा पुन्हा दिसल्यास पुढच्या तारखेची वाट बघत बसू नये.

भीतीचा धंदाही आहे. चट्टा आला म्हणून ‘फुल बॉडी चेकअप’ आणि डझनभर ‘ट्यूमर मार्कर’ यांची जाहिरात फोनवर आली तर ती पुसून टाकावी. निरोगी माणसात हे मार्कर उगीच वाढलेले दिसतात आणि मग नसलेल्या आजारामागे घर धावते. शोध घ्यायचा तो निदान पक्के झाल्यावर, ठरलेल्या क्रमाने. स्नायूंच्या दाहाच्या रुग्णांसाठी तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०२३ मध्ये तशी मार्गदर्शक सूत्रे दिली आहेत. सर्वांसाठी नीट तपासणी, रक्त-लघवीच्या साध्या चाचण्या आणि छातीचा एक्स-रे. जास्त धोक्याच्या रुग्णांना मान, छाती, पोट आणि ओटीपोटाचा सीटी स्कॅन, स्त्रियांना मॅमोग्राफी, गर्भाशयमुखाची तपासणी आणि अंडाशयाची सोनोग्राफी. अशा रुग्णांच्या साध्या तपासण्या पुढे तीन वर्षे दरवर्षी.

यासाठी परळच्या टाटा रुग्णालयाची गाडी लगेच पकडायची गरज नसते. त्वचारोग विभाग छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे आपल्या ‘सीपीआर’मध्ये आहे. कर्करोगाचे उपचार कोल्हापुरात होतात, मिरजेत होतात. बार्शीत तर १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू आहे. अडते ते निदानाच्या आधी. शासकीय योजना मुख्यतः नाव लागलेल्या आजाराच्या उपचाराला मदत करतात, आणि इथे प्रश्न नाव लागण्यापूर्वीचा आहे.

आशाताई काय करू शकतील?

कुष्ठरोगाच्या शोधासाठी आशा कार्यकर्त्या घरोघरी जाऊन अंगावरचे चट्टे विचारतात. तिशीपुढच्या प्रत्येकाचा एक फॉर्म भरला जातो, त्यातही सुन्न चट्ट्याचा प्रश्न आहे. चट्ट्याला स्पर्श कळतो असे दिसले की कुष्ठरोग नाही म्हणून समाधानाने पुढच्या घरी जायचे, अशी ही मोहीम आहे आणि तिच्या कामापुरती ती बरोबर आहे. पण चट्टे बघायला एवढी माणसे दारात येतातच, तर चाळिशीपुढच्या माणसाला आणखी दोन प्रश्न विचारायला हरकत काय? हा चट्टा ट्यूब लावूनही महिन्याहून जास्त टिकला का? आणि खाली बसल्यावर हात न टेकता उठता येते का? दोन्हींची उत्तरे चिंतेची असतील तर प्राथमिक आरोग्य केंद्रातून ‘सीपीआर’च्या त्वचारोग विभागाकडे चिठ्ठी. खर्च शून्याच्या जवळ. आशांवर आधीच कामाचा बोजा आहे आणि मोबदल्यासाठी त्यांना वारंवार रस्त्यावर यावे लागते, हे मान्य. नवे काम द्यायचे तर त्याचे पैसेही द्यावेत. जिल्हा परिषदेने एका तालुक्यात करून बघावे, चंदगडपासून सुरुवात केली तरी चालेल.

डॉक्टरकडे जाताना

फोन हातात आहेच, तर त्याचा उपयोग करा. चट्टा आला त्या दिवशी, खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात, ट्यूब लावण्याआधी फोटो काढा. आठवड्याने पुन्हा काढा. पापण्यांचा, बोटांच्या पेरांचा, नखांच्या मुळांचा वेगळा काढा. फिल्टर लावू नका, कारण तोच नेमका चट्टा पुसतो. वापरलेल्या सगळ्या ट्यूब आणि गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्या, लाजू नका. वजन किती उतरले, जेवताना घास अडकतो का, घरात कुणाला कर्करोग होता का, तंबाखू आहे का, हे न विचारता सांगा. आणि स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर त्या मनाने एकदम बंद करू नका, कारण बरेच दिवस घेतलेल्या गोळ्या अचानक थांबवणे जिवावर बेतू शकते. त्या कशा कमी करायच्या ते डॉक्टर ठरवतील.